करवतीचे माप

माणसाला मोठ्या मापाची ओढ लहानपणीच लावून दिली जाते. शाळेचा सदरा शिवायला टाकताना आई शिंप्याला बजावते, "वाढत्या अंगाचा शिवा हो." शिंपी मान डोलावतो, आणि मग पुढली दोन वर्षे मुलगा सदरा घालीत नाही, सदराच मुलाला घालून हिंडतो. पुढे संसार थाटताना हीच बुद्धी भांड्यांच्या दुकानात जागी होते. कधी पंगत बसली तर असावे, म्हणून मोठे पातेले घरात येते आणि चार माणसांचा भात वर्षानुवर्षे त्याच्या तळाशी शिजत राहतो. "उद्या लागले तर?" या तीन शब्दांनी आपल्या घरांत जेवढी जागा अडवली आहे, तेवढी कपाटांनीही अडवली नसेल.

कापडाच्या आणि भांड्यांच्या बाबतीत ही हौस परवडते. सदरा सैल झाला तर हसे होते, पण कोणाचे पोट मारले जात नाही. हत्याराची गोष्ट निराळी. हत्यार हे कारागिराच्या हाताला, पाठीला आणि खिशाला एकाच वेळी बसावे लागते. त्यातले एक जरी बसले नाही, तर हत्यार कोपऱ्यात उभे राहते आणि त्याचे हप्ते दर महिन्याला दारात येऊन उभे राहतात. हे मला नीट उमगले ते एका सुताराच्या ओसरीवर, बिनवायरीचे एक करवतयंत्र किती मापाचे घ्यावे या वादात बसल्यामुळे.

परभणी जिल्ह्यात मानवतच्या पलीकडे एका खेड्यात हे घर आहे. घरातल्या म्हाताऱ्याला सारा गाव आबा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या वडिलांच्या काळी हे घर बलुत्यावर चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यातल्या बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार बसतो, आणि तो तिथे का बसतो हे आबांच्या वाड्यातली अडगळ पाहिली की कळते. तिफणीचे फण, वखराचे खोड, कोळप्याची दांडी, बैलगाडीचे जू, चाकाचे आरे. शेतकऱ्याचे वर्ष ज्या ज्या लाकडावर चालायचे ते सारे सुताराच्या हातून जायचे. लाकूड बांधावरच्या बाभळीचे, हत्यार वाकस, करवत, रंधा आणि पटाशी, आणि मजुरी सुगीच्या दिवसांत खळ्यावरची ज्वारी.

मग तिफण लोखंडाची झाली आणि ट्रॅक्टरच्या मागे निघून गेली. बैल कमी झाले, तशा गाड्याही कमी झाल्या. सुताराला उरल्या दारे, खिडक्या, चौकटी, देव्हारे, बाजेचे पाय आणि अलीकडे प्लायवूडची कपाटे. आबांनी हा बदल तक्रार न करता पचवला. त्यांचा धाकटा मुलगा मात्र पुण्याला गेला आणि चार वर्षे एका कंत्राटदाराच्या हाताखाली राहून नव्या इमारतींतले फर्निचर करू लागला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्याच्या पाठीला फार पूर्वीपासून चिकटलेली आहे. मुलगा परत आला तेव्हा चावडीवरच्या रिकाम्या मंडळींनी ती त्याला ऐकवली. तो हसला. त्याला खेड्याखेड्यांतून स्वतःच्या नावाने कामे घ्यायची होती, आणि त्यासाठी त्याला हवे होते ते यंत्र, ज्याला सगळे कारागीर आता मायटर सॉ म्हणतात.

ज्या वाचकांचा सुतारकामाशी संबंध दाराच्या कडीपुरताच आला असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मायटर म्हणजे ख्रिस्ती बिशपची उंच, टोकदार टोपी. दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून काटकोनात जोडल्या की जी तिरकी रेघ दिसते, तिचे नाव त्या टोपीवरून पडले असे मानतात. फोटोच्या चौकटीचा कोपरा पाहा म्हणजे हा सांधा डोळ्यांसमोर येईल. पूर्वी हा काप लाकडी खाचेत हातकरवत धरून घेत. आता एका बैठकीवर गोल पाते बसवलेले असते. लाकूड मागच्या आडोशाला टेकवायचे, हव्या त्या अंशावर बैठक फिरवायची आणि दांडा खाली आणायचा. काप आरशासारखा निघतो. आठ बाय चार फुटांचे प्लाय मात्र यावर कापता येत नाही, आणि फळीही लांबीच्या बाजूने चिरता येत नाही. लाकडाची लांबी तोडणे, सरळ किंवा तिरकी, एवढेच याचे काम. पण चौकटी करणाऱ्या सुताराच्या दिवसातला मोठा वेळ याच कामात जातो.

बॅटरीवर चालणारे हत्यार ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने बिनवायरीचा ड्रिल १९६१ साली काढला. पण त्या काळच्या बॅटऱ्यांत भोक पाडण्याचा जोर होता, करवत ओढण्याचा नव्हता. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, पुढे ती हत्यारांत शिरली, आणि ज्यांनी तिचा पाया घातला त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचा एक धागा मानवत तालुक्यातल्या या ओसरीपर्यंत आला होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कारण नव्या बांधकामावर वीजजोड सर्वांत शेवटी येतो, शेतातल्या घराला तर तो कधी येईल याचा नेम नसतो, आणि चौकट मात्र भिंतीबरोबर उभी राहावी लागते.

मला बोलावणे आले ते माहितीपत्रके वाचायला. मुलगा कधीकाळी माझ्या वर्गात होता, आणि एकदा ज्याने भूमिती शिकवली त्याला जगातले सगळे इंग्रजी कागद कळतात अशी आमच्याकडे समजूत आहे.

"गुरुजी, पोरगं बारा इंची घ्यायचं म्हणायलंय," आबा म्हणाले. "मी म्हणतो, बारा इंचीचं काय काम आहे ते तर सांग."

"पुण्यात आमच्याकडं बाराच होतं," मुलगा म्हणाला. "मोठ्यात लहान काम होतं, गुरुजी. लहानात मोठं होत नाही."

युक्तिवाद बिनतोड वाटला. पातेल्याच्या दुकानात आपण हाच करतो.

मी कागद पुढे ओढले. या यंत्रांचे माप पात्याच्या व्यासावरून सांगतात. साधारणपणे चार मापे भेटतात: सव्वासात-साडेसात इंची, म्हणजे १८४ ते १९० मिलिमीटर; साडेआठ इंची, म्हणजे २१६; दहा इंची, म्हणजे २५४ च्या आसपास; आणि बारा इंची, म्हणजे ३०५. वाचणाऱ्याला सहज वाटते की बारा इंची पाते बारा नाही तरी सहा इंच जाडीचे लाकूड कापीत असेल. तसे होत नाही. पात्याच्या मध्याशी त्याला धरणारी चकती असते, तिच्यामागे मोटरीचे घर असते, आणि ते सारे लाकडाच्या वरच थांबते. म्हणून व्यासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढेच पाते लाकडात उतरते. लहान माप सुमारे पाच सेंटिमीटर जाडी कापते, साडेआठ इंची साडेसहा ते सात, दहा इंची नऊच्या आसपास, आणि बारा इंची साडेदहा-अकरा. यंत्रागणिक थोडा फरक पडतो, पण हिशेब हाच.

रुंदीचा हिशेब वेगळा आहे, आणि गिऱ्हाईक फसते ते बहुधा तिथेच. पाते ज्या दांड्यांवर पुढे-मागे सरकते त्या दांड्या रुंदी ठरवतात. त्यामुळे लहान पात्याचे सरकते यंत्रही पाऊण ते एक फूट रुंदीची फळी कापून जाते. जाडी पात्याने मिळते, रुंदी दांड्यांनी मिळते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी निवड झाली. तिरका काप घेताना मात्र दोन्ही आटतात. पंचेचाळीस अंशांत बैठक फिरवली की रुंदी सात-दशांश उरते. पाते आडवे कलवले की जाडीही तशीच घटते. वर्गात शिकवलेला कर्ण इथे रोकडा होऊन समोर येतो.

मुलाने हे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणूनच तर बारा."

मग मी बॅटरीकडे वळलो. अठरा व्होल्टची, पाच अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे नव्वद वॉट-तास. अठराशे वॉट खेचणारी मोठी करवत तिच्यावर पूर्ण जोराने सतत चालवली तर तीन मिनिटांत बॅटरी रिकामी. अर्थात करवत कोणी सतत चालवीत नाही. एक काप दोन-तीन सेकंदांचा असतो. पण प्रत्येक कापाआधी थांबलेले पाते वेगात आणावे लागते, आणि ती वीज लाकडाला न शिवता खर्च होते. एकाच जाडीची दोन पाती घ्या, एक १९० चे आणि एक ३०५ चे. दातांचा वेग दोन्हींचा सारखाच ठेवला तरी मोठे पाते फिरते करायला अडीचपट शक्ती लागते. फेरे सारखे ठेवले तर साडेसहापट. त्यातून मोठे पाते थरथरू नये म्हणून ते जाडही करतात. जाड पाते अधिक रुंद चीर पाडते, म्हणजे अधिक लाकडाचा भुसा करते, म्हणजे पुन्हा वीज. म्हणून मोठ्या यंत्रांना दोन-दोन बॅटऱ्या जोडतात किंवा चोपन्न व्होल्टची बॅटरी देतात. ती विकत घ्यावी लागते, आणि भारावीही लागते.

भारण्याची गोष्ट निघाली तशी परभणीचा उन्हाळाही निघाला. या बॅटऱ्या साधारण चाळीस अंशांच्या वर भारू नयेत असे कंपन्या सांगतात. तापलेली बॅटरी चांगला चार्जर स्वीकारीतच नाही, ती निवेपर्यंत दिवा लुकलुकत ठेवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. बांधकामाचा हंगामही तोच. दुपारी पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी कामावर रुसणारच. तेव्हा एका बॅटरीत जास्त काप देणारे यंत्र आमच्या उन्हात अधिक किमतीचे.

आबांना वॉट-तासांत रस नव्हता. त्यांनी विचारले, "वजन किती?"

मी वाचून दाखवले. लहान मापाचे यंत्र दहा ते चौदा किलोचे, बारा इंची पंचवीस किलोच्या वर.

"आणि न्यायचं कशावर?"

मुलाकडे मोटारसायकल होती. पुण्यात यंत्र टेम्पोतून येत असे आणि एकदा इमारतीत चढले की काम संपेपर्यंत तिथेच राहत असे. इथे सकाळी पाथरीच्या बाजूला एक चौकट, दुपारनंतर सेलूच्या वाटेवर दुसरे दार, आणि संध्याकाळी यंत्र पुन्हा घरी. कुलूप नसलेल्या बांधकामावर ते कोण ठेवील? त्यातून पावसाळा. गोदावरीकाठची काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाला सोडीत नाही. शेवटचा अर्धा मैल यंत्र खांद्यावर येणार हे ठरलेलेच. खांद्यावर बारा किलो आणि पंचवीस किलो यांत जो फरक आहे तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग त्याने दुसरे टोक गाठले. "मग सव्वासात इंचीच घेतो. हलकं, स्वस्त, बॅटरी एक."

मला हा निर्णय शहाणपणाचा वाटू लागला होता. पण आबा उठले, आत गेले आणि एक वही घेऊन आले. लांबट, लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तशी. मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत केलेले प्रत्येक काम तीत होते: गिऱ्हाइकाचे नाव, लाकूड कोणते, किती बाय किती. सुताराची वही इंचांत आणि सुतांत चालते. एका इंचाचे आठ सूत. आबा पानामागून पान उलटीत गेले आणि मुलगा मोठ्याने वाचीत गेला.

दाराच्या फळ्यांच्या चौकटी सव्वा-दीड इंच जाड. देव्हाऱ्याचे खांब दोन इंच. खिडक्यांच्या चौकटी तीन बाय अडीच. कपाटांच्या कडेच्या पट्ट्या अर्धा-पाऊण इंच. आणि पानापानांवर पुन्हा पुन्हा येणारे एक माप: चार बाय अडीच. घरकुलाचे घर असो की मास्तराचा बंगला, आमच्याकडे दाराची चौकट बहुधा चार बाय अडीच असते. पाच बाय तीनची चौकट साऱ्या वर्षात दोनदाच निघाली. तीही दोन्ही वेळा मोठ्या दारांची.

अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. सव्वासात इंची यंत्र थांबते पन्नासवर. म्हणजे रोजच्या चौकटीचे लाकूड त्याला एका दमात कापता येणार नाही; अर्धे कापायचे, उलटे करायचे, पुन्हा कापायचे. दोन काप केसाइतके जरी चुकले तरी तोंडावर पायरी पडते, ती रंध्याने काढा, गुण्या लावून पुन्हा तपासा. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचे तेच काम ते रडत करणार. साडेआठ इंची मात्र अडीच इंचांतून पार उतरते, वर दोन-चार मिलिमीटर राखून. वजनाला ते मधले, किमतीला मधले, आणि बॅटरीचा खर्चही बेताचा.

"आणि पाच बाय तीन?" मुलाने विचारले. "तीन इंच म्हणजे शहात्तर. सत्तर उतरतं. मग?"

आबांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यांच्यात थोडी फट ठेवली. "मग दोन सूत राहतंय. दोन सुतासाठी बारा इंची घेतो का? दोन सूत करवतीनं काप की. यंत्रानं सरळ वाट पाडून दिली, त्यातून करवत आंधळ्याच्या हातानंही सरळ जाईल."

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकतो, पण अंथरूण मोजायचे कसे हे ती सांगत नाही. आबांच्या वहीने ते सांगितले. आपण निवड करताना डोळ्यांसमोर आणतो ते एखादे अवघड, मोठे, क्वचित येणारे काम. कारण ते लक्षात राहते. रोजचे काम लक्षात राहत नाही, ते वहीतच राहते. मी स्वतः घरे बांधणारी माणसे पाहिली आहेत. दिवाळीला पाहुणे येतील म्हणून ती दिवाणखाना ऐसपैस करतात आणि तीनशे साठ दिवस स्वयंपाकघरात कोपर भिंतीला घासत वावरतात. मोजदाद ठेवली असती तर भिंत चार हात सरकली असती.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य होते, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पुण्यात बारा इंची यंत्र बरोबरच होते. तिथे ते एका जागी उभे राहत होते, भिंतीतली वीज खात होते, आणि जाड लाकूड रोज येत होते. तिथल्या कामाचे माप ते होते. चूक यंत्राची नव्हती; एका गावचे माप दुसऱ्या गावी नेण्यात घोटाळा होता. निजामाच्या राजवटीतली आमची जुनी माणसे हळी शिक्का आणि कलदार यांतला फरक जाणत. नाणे दोन्ही खरे, पण ज्या त्या मुलखात चालणारे.

पैशांची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण घरातही ती शेवटीच निघाली. १७ सप्टेंबर हा आम्हा मराठवाड्याच्या लोकांचा दिवस. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. २०२३ साली त्याच तारखेला, विश्वकर्मा जयंतीचे निमित्त साधून, केंद्र सरकारने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, आणि सुतारकी त्यांतली एक. प्रशिक्षणानंतर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजाने पहिले कर्ज एक लाखापर्यंत, आणि ते फेडले की दुसरे दोन लाखांपर्यंत, असा तिचा आराखडा. मुलाचे नाव त्यात लागले होते. पण पहिल्या कर्जाची मुदत दीड वर्षाची. म्हणजे दोन उन्हाळ्यांची कमाई त्यात धरता येईल, आणि मध्ये पाऊस हुकला तर एकाचीच. शेतकऱ्याकडे पैसा नसला की घराचे दार थांबते. आमच्याकडे सुताराचे वर्ष अजूनही कापूस-सोयाबीनच्या भावावर उगवते आणि मावळते.

बारा इंची यंत्र, त्याच्या भारी बॅटऱ्या आणि चार्जर घेतला असता तर त्या लाखातले फारसे काही उरले नसते. साडेआठ इंची घेतल्यावर ड्रिल आणि हातातली गोल करवत यांनाही जागा राहिली. मी एवढेच सुचवले की तिन्ही हत्यारे एकाच कंपनीची आणि एकाच व्होल्टची घ्यावीत, म्हणजे बॅटरी या हत्यारातून काढून त्या हत्यारात घालता येते. या धंद्यात खरी खरेदी बॅटरीची असते, हत्यार तिच्यामागून येते. दुसरे असे, की साडेआठ इंची पाते तालुक्याच्या बाजारात दहा-बारा इंचीइतके सहज मिळेल याची खात्री नसते, तेव्हा जादा पाते यंत्राबरोबरच आणावे. त्याचे मधले भोक यंत्राच्या दांड्याशी जुळते की नाही आणि त्यावर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे. भूमितीच्या मास्तराने याहून अधिक बोलू नये.

आबांनी मात्र एक प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता. "हे फिरतं किती जोरात?"

मी कागदावर आकडे मांडले. १९० मिलिमीटरचे पाते मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर त्याचा दात तासाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने धावतो. आबांनी मुलाच्या उजव्या हाताकडे पाहिले. बोलले काही नाहीत. आमच्या भागातल्या कोणत्याही सुतारआळीत एखादा हात असा असतोच की ज्याची बोटे मोजताना पाच भरत नाहीत. मुलाने आपण होऊनच सांगितले की हात पात्यापासून वीतभर लांब ठेवीन, पाते पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलणार नाही, आणि चष्मा लावीन. मी त्यात तोंडाला पट्टी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत धरली आहे. सागवानाचा वास कितीही गोड असला तरी त्याचा भुसा श्वासात जाण्यासाठी नाही.

यंत्र आले त्याला आता वर्ष होत आले आहे. साडेआठ इंचीच आले. मी त्यानंतर दोन-तीनदा त्या घरी गेलो. पहिल्या हंगामात चौकटींचे काम पूर्वीच्या निम्म्या दिवसांत होऊ लागले असे मुलाने सांगितले, आणि हप्ते वेळेवर जातात असे त्याच्या बायकोने सांगितले. दुसरी बातमी मला अधिक महत्त्वाची वाटली. पाच बाय तीनची चौकट या वर्षातही एकदा आली. एका जुन्या वाड्याचे थोरले दार होते. यंत्र सत्तर मिलिमीटर उतरले आणि थांबले, आणि मुलाने भिंतीवरची हातकरवत काढली.

ती करवत चालली, कारण तिला धार होती. आणि धार होती, कारण आबा अजूनही दर अमावस्येला काम बंद असले की ती गुडघ्यांत धरून बसतात आणि तिकोनी कानशीने एकेक दात जागा करतात. डोळ्यांना आता दात नीट दिसत नाहीत, बोटाने चाचपून करतात. बारा इंची यंत्र आले असते तर ते दोन सूत उरलेच नसते. करवत भिंतीवर गंजली असती, आणि आबांच्या अमावस्येला काही कामच राहिले नसते. हे कोणी ठरवून केले नाही. बेताचे माप घेतले आणि म्हाताऱ्याच्या हाताला घरात जागा राहिली, इतकेच.

यंदाच्या दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली होती तेव्हा मी तिथे होतो. पाटावर मध्यभागी नवे यंत्र होते, त्याला झेंडूची माळ. शेजारी वाकस, पटाशी, रंधा, गुण्या आणि ती करवत. नातवंडांतले धाकटे यंत्राकडे बोट दाखवून विचारीत होते, "आबा, यातलं सगळ्यात मोठं कोणतं?"

आबा हळदकुंकू वाहण्यात गुंतले होते. मान वर न करता ते म्हणाले, "ज्याचं काम असंल ते."